तिसऱ्या रविवारची हरकत

बावीस वर्षं मी मंडळीतल्या बायकांना उपदेश करत आले. दर बुधवारी दुपारी तीन वाजता दापोडीच्या देवळात. आम्ही ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतो. पुढच्या बाकाला टेकून मी सांगायची की बाईनं वेण्या आणि दागिन्यांनी नटू नये, तिनं आतून नटावं, आणि तिचा स्वभाव सौम्य आणि शांत असावा. हे सांगताना माझा आवाज असा चढायचा की शेजारच्या शाळेतली पोरं पाढे म्हणायचं थांबवून ऐकत बसायची. मी तापट आहे हे मला ठाऊक होतं. देवालाही ठाऊक असणार. पण मिशननं मला नेमताना माझा स्वभाव काही विचारला नव्हता, वाचता येतं का एवढंच विचारलं होतं.

माझी भाची सुवार्ता ह्या बाबतीत माझ्या अगदी उलट. माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. आठ वर्षांची असताना आई-बाप दोघं एकाच साथीत गेले आणि ती माझ्याकडे आली. मी विधवा, पोटी मूल नाही, म्हणून ती माझीच झाली. मी दिवसभर चिडचिड करायची आणि ती हसून भांडी घासायची. चोविसाव्या वर्षी ती पिंपरीला नव्या निघालेल्या औषधाच्या कारखान्यात लागली. पांढरी टोपी, पांढरा डगला, हातात रबरी मोजे घालून इंजेक्शनच्या बाटल्या तपासायच्या, हे तिचं काम. ते मोजे मला फार आवडायचे. त्यांत हात कोपरापर्यंत झाकला जायचा.

कारण तिच्या डाव्या कोपरावर जुन्या रुपयाएवढा पांढरा डाग होता. तेराव्या वर्षी उमटला. मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच सांगितलं होतं की हे नुसतं कोड आहे, त्याचा संसर्ग होत नाही, जिवाला धोका नाही. पण लोकांना कुठं डॉक्टरीणबाई भेटलेल्या असतात? कोड म्हटलं की ते महारोगाच्या रांगेतच बसवतात, आणि मुलीच्या अंगावर असलं तर तिच्या लग्नाचं नाव कोणी काढत नाही. म्हणून मी तिला लांब बाह्यांची झंपरं शिवली. उन्हाळ्यातही. कोणी विचारलं तर सांगायची, आमच्याकडे असंच शालीन वागतात. बायका मान डोलवायच्या आणि आपल्या मुलींच्या बाह्या वाढवायच्या.

सत्तावन्न सालच्या जानेवारीत, नाताळ उरकल्यावर, तिला मागणी आली. मुलगा शांतवन साळवे, देहूरोडच्या लष्करी डेपोत कारकून. रविवारी आमच्या देवळात पेटी वाजवायचा. सुवार्ता गायची आणि तो तिच्या सुरावर पेटी ठेवायचा, दोन वर्षं असं चाललं होतं, आणि मी आंधळी नव्हते. मागणी आली त्या संध्याकाळी ती भाकरी थापता थापता तीनदा तीच ओळ गुणगुणली. तिचा जीव त्याच्यावर होता. मला तर आभाळ ठेंगणं झालं. आई-बाप नसलेली पोर, सरकारी नोकरीतला मुलगा, आपल्याच मंडळीतला. मी देवाचे इतके आभार मानले की तोही कंटाळला असेल.

शांतवनची आई मंजुळाबाई बोलणी करायला आली त्या दिवशी सुवार्तानं मला मोरीजवळ ओढलं.

“मावशी, त्यांना डागाचं सांगू या.”

“सांगू की. आधी साखरपुडा तर होऊ दे.”

साखरपुडा झाला. ती पुन्हा म्हणाली. मी म्हटलं, “आता तर ठरलंच आहे, मग घाई कसली?” असं मी ते पुढं पुढं ढकलत गेले. मला वाटायचं मी तिचं भलं करतेय. खरं सांगायचं तर अजूनही मन पुरतं बदललेलं नाही.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार मंडळीसमोर दोघांची नावं पुकारतात. पाद्रीसाहेब वहीतून नावं वाचतात आणि विचारतात की ह्या लग्नाला कोणाची हरकत आहे काय. असली तर तिथंच उभं राहून सांगायची, नाहीतर कायमचं गप्प बसायचं. तीन रविवार कोणी उठलं नाही की लग्न लावायला मोकळीक. त्या वर्षी ईस्टरआधीचा उपवासकाळ मार्चच्या पहिल्या बुधवारी लागत होता आणि उपवासकाळात आम्ही लग्नं लावत नाही. म्हणजे तिसऱ्या पुकारानंतरचा मंगळवार एवढाच मुहूर्त हातात होता. तो चुकला तर ईस्टरपर्यंत थांबा, आणि तेवढ्यात कोणाच्या कानावर काय जाईल कोण जाणे.

पहिला रविवार पार पडला. नावं पुकारली, कोणी खोकलंसुद्धा नाही. मी सुटकेचा श्वास सोडला आणि मंगळवारी सकाळी सुवार्तानं माझ्यासमोर हात धरला. डाव्या मनगटावर, अगदी बांगड्या भरतात तिथं, नवा डाग उमटला होता. चिंचोक्याएवढा.

त्या दिवसापासून माझ्या पायाला थारा राहिला नाही. स्टोव्ह पेटवून विसरायची, प्रार्थनेला बसायची आणि मध्येच उठायची. रोज सकाळी एका दोऱ्यानं मी तो डाग मोजायची. गाठ मारून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लावून बघायची. वाढलाय, नाही वाढला, वाढलाय. सुवार्ता मुकाट्यानं हात पुढं करायची. एकदा म्हणाली, “मावशी, डाग काही दोरा बघून वाढत नाही आणि थांबतही नाही.” मी तिच्यावर खेकसले.

उपाय सांगितला तो फरीदानं. फरीदा कारखान्यात सुवार्ताच्या शेजारच्या टेबलावर बसायची, आणि तिचा भाऊ युनूस ह्याचं दापोडी स्टेशनजवळ सायकलचं दुकान होतं. तिला डागाचं ठाऊक होतं. मोजे काढघाल करताना तिनं केव्हाच पाहिला होता आणि कधी चकार शब्द काढला नव्हता. ती म्हणाली, “मौसी, माझ्या नानीला होता असा. नानी मेंदीत काथ कालवून लावायची. रंग असा बसतो की ओळखू येत नाही. चार-पाच दिवसांनी परत लावायचं, बस.”

आता गंमत बघा. मेंदी हा हाताचा देखावा आहे, ख्रिस्ती मुलीनं तिच्या वाटेला जाऊ नये, असं मी बुधवारच्या वर्गात निदान पन्नास वेळा सांगितलं असेल. आमच्या मंडळीत मेंदी लावलेला एक हात दिसायचा नाही, तो माझाच प्रताप. आणि त्या गुरुवारी मीच दार लावून घेतलं, खिडकीवर चादर टाकली आणि फरीदाला म्हटलं, “लाव बाई, लवकर लाव.” ती काडीनं थोडं थोडं लावत होती आणि सुवार्ता भिंतीकडे बघत होती.

रंग छान बसला. दुसऱ्या रविवारी पुन्हा नावं पुकारली, पुन्हा कोणी उठलं नाही. मी मनात म्हटलं, एकच राहिला.

उपासना संपली आणि मंजुळाबाई बायकांच्या घोळक्यात सुवार्ताजवळ आली. हातात लाखेची बांगडी होती, लग्नाच्या बांगड्यांचं माप घ्यायला आणलेली. “दे गं हात,” म्हणत तिनं नेमका डावा हात ओढला आणि बाही वर सारली. इतक्या जवळून मेंदीची लाली लपत नव्हती. मी दोन बाक ओलांडून पोचेपर्यंत सगळं झालं होतं.

“हे काय? मेंदी?” मंजुळाबाईचा आवाज देवळाच्या कौलांना लागला. “सगुणाबाई, तुमच्या घरात मेंदी? आमाला शिकवता आणि घरी हे?”

दहा-बारा बाया बघत होत्या. सगळ्या माझ्या वर्गातल्या. सुवार्तानं तोंड उघडलं. ती काय बोलणार हे मला तिच्या डोळ्यांत दिसलं, आणि मी तिच्या आधी बोलले.

“ती कारखान्यातली फरीदा आहे ना, तिचा उद्योग. पोर नको नको म्हणत होती आणि तिनं बळंच लावली. मी घरी नव्हते.”

मंजुळाबाईचा चेहरा सैल पडला. “तरीच! मी म्हटलं आमची सून अशी नाही. पण त्या पोरीचं येणंजाणं बंद करा हो. लग्न होईस्तोवर तरी.”

“केलंच म्हणून समजा,” मी म्हणाले.

घरी येईपर्यंत सुवार्ता पुढं पुढं चालत होती. मीच बोलत होते. मंगळवारपर्यंत धीर धर, एकदा लग्न झालं की तुझा नवरा तुझा आहे, मग सांग त्याला निवांत, तो काय तुला टाकणार आहे? ती चप्पल काढून म्हणाली, “मग आत्ताच का नाही सांगायचं, तो टाकणार नसेल तर?” ह्यावर मी तिला उलट बोलते म्हणून रागावले.

बुधवारी वर्ग संपल्यावर मंजुळाबाई माझ्याबरोबर घरी आली. पाहुण्यांची यादी करायची होती, त्यांचे सगळे नातेवाईक नगरचे. सुवार्ता पाळीवरून परस्पर बाजारात गेली होती. ती पाटावर बसून नावं सांगत होती आणि मी लिहीत होते, तेवढ्यात दारात फरीदा. हातात फडक्यानं झाकलेली वाटी. सहा दिवस झाले होते, रंग फिका पडायला लागला होता, आणि पोर सकाळच्या पाळीवरून आली ती मेंदी भिजवून थेट इकडं.

मंजुळाबाईनं मान वळवली. “हीच का ती?”

तेव्हा मी काय करायला हवं होतं ते आज कोणीही सांगेल. मी उठले, दारात गेले आणि मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, “तुझ्या मेंदीनं पुरे झालं. पुन्हा ह्या घराची पायरी चढू नकोस.”

फरीदा माझ्याकडे बघत राहिली. तिला आधी वाटलं असावं की मी चेष्टा करतेय. मग तिनं आत पाटावर बसलेली बाई पाहिली आणि तिला सगळं कळलं. ती एका शब्दानं सांगू शकली असती. मंजुळाबाई तिथंच होती, डागाचा एक शब्द पुरे होता. तिनं फडकं नीट केलं, “अच्छा मौसी,” म्हणाली आणि गेली. मी परत बसले आणि यादीत एकाच मामाचं नाव दोनदा लिहिलं.

गुरुवारी संध्याकाळी सुवार्ता कामावरून आली ती डबाही न ठेवता माझ्यासमोर उभी राहिली.

“तू फरीदाला काय म्हणालीस?”

“काय करणार होते मी? मंजुळाबाई समोर बसली होती.”

“फरीदानं मला काही सांगितलं नाही. नुसती दुसऱ्या टेबलावर जाऊन बसली. मी दिवसभर विचारत होते तेव्हा शेवटी म्हणाली, मौसीला मजबुरी होती, जाऊ दे.” ती खाली बसली. “मावशी, माझा हात झाकायला उद्या तू आणखी कोणाचं नाव घेशील?”

“तुझ्यासाठीच करतेय ना मी हे सगळं!”

“माहीत आहे. म्हणून तर मला झोप येत नाही.”

मी तिच्यावर ओरडले. काय काय बोलले ते सांगायची लाज वाटते. आई-बापाविना वाढवलं, पोटाला चिमटा घेऊन शिकवलं, हे सगळं काढलं. ती ऐकून घेत होती. मग उठून तिनं माझ्यासाठी चहा ठेवला. त्या चहाचा मला राग आला आणि तो मी प्यायलेही. शुक्रवार-शनिवार आम्ही दोघी एकमेकींना चुकवत दोन खोल्यांत फिरत राहिलो.

तिसऱ्या रविवारी देऊळ भरलं होतं. शांतवन पेटीपाशी, नवा शर्ट घालून. मी उजवीकडच्या तिसऱ्या बाकावर, शेजारी सुवार्ता. पाद्रीसाहेबांनी वही उघडली आणि नावं वाचली. “ह्या दोघांच्या लग्नाला कोणाची न्याय्य हरकत असल्यास त्यानं आत्ता सांगावी.” त्यांची ती सवयीची वाक्यं, उत्तराची वाट न बघता ते वही मिटायलाही लागले होते. मी डोळे मिटले. झालं, सुटलो.

“माझी आहे,” सुवार्ता म्हणाली.

मी तिचा पदर धरला. तिनं तो हळूच सोडवून घेतला, जसा लहान मुलाच्या मुठीतून सोडवतात तसा, आणि उभी राहिली. पाद्रीसाहेबांचा चष्मा नाकावर घसरला. वधूच हरकत घेते हे त्यांनी कुठल्या वहीत वाचलं नव्हतं.

“माझ्या अंगावर कोड आहे,” ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जात होता. तिनं बाही कोपराच्या वर सारली. “हा तेराव्या वर्षापासून. हा मनगटावरचा बारा दिवसांपूर्वीचा. मेंदी नटायला लावली नव्हती, हा झाकायला लावली होती. फरीदानं ती माझ्यावरच्या मायेनं लावली आणि आम्ही तिचं नाव खराब केलं. साळवे मंडळींना ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं. आता त्यांनी ठरवावं.”

ती खाली बसली. सगळं देऊळ माझ्याकडे बघत होतं, तिच्याकडे कोणी बघत नव्हतं. मला वाटलं जमीन दुभंगावी आणि मी आत जावं. त्याच वेळी, खोटं का बोलू, माझ्या छातीत काहीतरी भरून आलं होतं. ही पोर मी वाढवली होती. पण हे मी तिला शिकवलं नव्हतं.

पाद्रीसाहेबांनी दोन्ही घरच्यांना उपासनेनंतर मागे थांबायला सांगितलं. देवळामागच्या कडुलिंबाखाली आम्ही चौघं उभे राहिलो. मंजुळाबाईचे डोळे लाल झाले होते. ती काही वाईट बाई नव्हती. पदराचं टोक पिळत म्हणाली, “झालं ते झालं. मुलाचा जीव आहे तुझ्यावर, मला दिसतंय. आमी लग्न मोडत न्हाई.”

मला रडूच कोसळलं. मी तिचे हात धरले.

“पण एक,” ती पुढं म्हणाली. “नगरचे पाहुणे येतील त्यांना हे कळता कामा नये. माझ्या दोन पोरी उजवायच्या आहेत अजून. कोणी विचारलं तर भाजलंय म्हणायचं. लहानपणी चुलीत हात गेला. मंडळीला मी गप्प करते. आणि त्या मुसलमान पोरीला लग्नाला बोलवू नका, तिच्या तोंडून निघायचं एखादं.”

“हो हो,” मी म्हणाले. “भाजलंच म्हणू. त्यात काय.” एवढं होऊनही माझ्या तोंडून हे निघालं. मला मंगळवार दिसत होता.

सुवार्तानं माझ्याकडे बघितलं नाही. ती शांतवनकडे वळली.

“तुम्हीही तसंच सांगाल? भाजलंय म्हणून?”

शांतवन पायानं माती उकरत होता. चांगला मुलगा होता तो. तिच्या डागाची त्याला किळस आली नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. तो म्हणाला, “मला काही फरक पडत नाही गं. लोकांपुरतं म्हणायला काय हरकत आहे?”

“लोकांपुरतं किती दिवस?”

आईकडे बघितलं त्यानं.

“हा पसरणार आहे,” सुवार्ता म्हणाली. “चेहऱ्यावरही येईल कदाचित. दर वेळी काहीतरी भाजलंय म्हणावं लागेल. मला मूल झालं तर त्यालाही तेच शिकवावं लागेल. तुम्ही मला फार आवडता, हे मी आज तुमच्या आईसमोर सांगते. पण मला हे लग्न नको.”

ती रागानं बोलली नाही. जेवायला बसलेल्या माणसाला भाजी संपली हे सांगावं इतक्या हळू बोलली, आणि बोलताना रडत होती. शांतवनचा चेहरा पांढरा पडला. मंजुळाबाई आ वासून बघत राहिली. बारा दिवस मी दोरा घेऊन तो डाग मोजत होते, हिला कोणी नाकारेल म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता. ही कोणाला नाकारू शकते हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं.

मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं. मूर्ख, पुन्हा असं स्थळ येणार नाही, माफी माग, हो म्हण. हे सगळे शब्द जिभेवर आले होते आणि मी ते गिळले.

रस्त्याला लागल्यावर ती जोरात चालायला लागली. मुंबई-पुणे रस्त्यावरून लष्कराचे ट्रक धूळ उडवत जात होते आणि ती पदरानं नाक पुसत, हुंदके देत चालली होती. लोक वळून बघत होते. आमच्या गल्लीकडे वळायची जागा आली तरी ती वळली नाही.

“कुठं निघालीस?” मी विचारलं.

“फरीदाकडे.”

ती दहा पावलं पुढं जाईपर्यंत मी तशीच उभी राहिले. मग तिच्यामागून गेले. युनूसचं दुकान बंद होतं, वरच्या खोलीचं दार उघडं होतं. लाकडी जिना चढताना मला दोनदा थांबावं लागलं. फरीदा तांदूळ निवडत बसली होती. आम्हाला बघून उठली.

“फरीदा,” मी दारातच म्हणाले, “मी खोटं बोलले. तुझ्या नावावर बोलले, दोनदा. आणि तू तरी गप्प राहिलीस.”

तिनं माझ्याकडे बघितलं. मग सुवार्ताचा रडका चेहरा बघितला, पुढं येऊन तिचा हात धरला आणि तिला आत नेलं. मला ये म्हणाली नाही. दार मात्र तिनं लावून घेतलं नाही. आत सुवार्ता मोठ्यानं रडत होती आणि फरीदा तिला काहीतरी समजावत होती. बाहेर जिन्याच्या वरच्या पायरीवर मी उभी होते. उलट पावली घरी जावं असं फार वाटत होतं, पण मी तिथंच थांबले.